चार ग्रॅम

रजनीताई फिरक्यांच्या गच्चीवर
बिबड्यांच्या घाट्याला उकळी फुटली
आणि कुणीतरी मला विचारलं, मीठ किती टाकू व माय?
मी म्हणाले, थांबा, ह्यांना विचारते.

बायका हसल्या. चांगल्या मनानं हसल्या.
मीही हसले,
पण पदराआड बोट खरंच नंबर लावत होतं.

तेरा वर्षं झाली, फैजपूरच्या कॉलेजात
रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक आहे मी.
मिलिग्रॅमपर्यंत तोलून देते.
माझ्या हातचं द्रावण सर पुन्हा तपासत नाहीत.
आणि माझ्याच वरणातलं मीठ मला ठाऊक नाही.

ह्यांनी कधी हात उचलला नाही.
हे वाक्य मी आईला सांगितलंय, बहिणीला सांगितलंय,
बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही.
कुणी विचारलेलं नसताना
ते मी का सांगत सुटते,
हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

हे फक्त ताट सरकवतात. बोटभर.
मग बोलत नाहीत. सोमवार ते गुरुवार
घरात एकटा कूलर बोलतो.
मी आठवत बसते:
हळदीकुंकवात जास्त हसले का,
केळीच्या ट्रकवाल्याला रस्ता सांगितला तेव्हा
आवाज जरा मोकळा लागला का.
शुक्रवारी सावद्याहून जिलबी येते.
"वेडी गं तू. माझ्याशिवाय तुला कोण सांभाळून घेणार?"
आणि मी ती खाते.
उपकार मानत खाते.

अंगणात गाडी वळली की
तेजल टीव्हीचा आवाज दोनवर आणते,
चपला ओळीत लावते.
नऊ वर्षांची आहे. तिला हे कुणी शिकवलं नाही.

सोमवारी लॅबमधून येताना
बटरपेपरच्या सात पुड्या बांधून आणल्या.
चार ग्रॅम. चार ग्रॅम. चार ग्रॅम.
तूरडाळ तोलून. पाणी मोजून. शिट्ट्यासुद्धा तेवढ्याच.
पोरांना आम्ही हेच शिकवतो:
बाकी सगळं स्थिर धरा,
मग काय बदलतंय ते दिसतं.

पहिल्या दिवशी अळणी.
"तुझ्या माहेरी मीठ महाग होतं का?"
दुसऱ्या दिवशी खारट. "मारायचंय का मला?"
तिसऱ्या दिवशी बोदवडचे पाहुणे,
वरण-बट्टी, वर तुपाची धार.
"आमच्या हिच्या हाताला चव आहे हो,"
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की प्रयोग तिथंच टाकून द्यावासा वाटला.
चौथ्या दिवशी ताट. बोटभर.
पाचव्या दिवशी मी विचारलं, काल जास्त झालं होतं का?
"काल? काल मी काही म्हणालोच नाही.
तुझ्या डोक्याचं काहीतरी बघायला हवं, कुमुद."

सहावी पुडी उघडलीच नाही.

दुपारचे पंचेचाळीस अंश. खिडकीत धुरकट सातपुडा.
जुन्या प्रयोगवहीत मी रकाने आखले.
दिनांक. मीठ. डाळ. शेरा.
निष्कर्षापाशी आले आणि पेन थांबलं.
तिथं "हे" लिहून चालणार नव्हतं.
लग्नापासून जे नाव मी फक्त उखाण्यात घेतलं,
कधी चांदीच्या ताटाला, कधी तापीच्या काठाला जोडून,
ते आज पहिल्यांदा यमकाशिवाय लिहिलं:
मुरलीधर डिगंबर नेहेते.
पुढची ओळ अजून कोरी आहे.

संध्याकाळी रजनीताईंना फोन केला.
त्या दिवशी बिबड्यांत मीठ किती टाकलं हो शेवटी?
"मला काय विचारते व माय?
तुझा फोन लागला नाही,
तर तूच मूठ भरली अन् टाकलं, ना माप ना काही.
तळून पाहिलेत काल.
बरोब्बर झालेत."